बुबुळ लेझरनं कापावं की पात्यानं?

पत्र:

डॉक्टर मॅडम, मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. त्याला केराटोकोनस आहे, म्हणजे बुबुळ पातळ होऊन पुढे टोकदार होत जातं. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यात एकाएकी पाणी भरलं, बुबुळ पांढरं झालं. काही महिन्यांनी ते उतरलं, पण मधोमध डाग राहिला. आता त्या डोळ्यानं समोर धरलेली बोटं तेवढी मोजता येतात. पुण्यातल्या एका हॉस्पिटलनं सांगितलं की लेझरनं बुबुळ बदलू, काप अचूक येतो, टाके लवकर निघतात. खर्च मात्र जवळजवळ दुप्पट. सोलापूरचे आमचे डॉक्टर सुरुवातीपासून त्याचे डोळे तपासतात, बुबुळाची ऑपरेशनंही करतात. ते म्हणतात, नेहमीच्या पद्धतीनं करू, निकाल तोच येईल. घरचे म्हणतात, लेझरला टाकेच नसतात, चष्माही जातो, मग जुन्या पद्धतीच्या मागे कशाला लागायचं? माझी पाटल्या मोडायची तयारी आहे. मुलगा नको म्हणतो. तुम्ही सांगाल तसं करीन.
— एक आई

उत्तर:

ताई, पाटल्या मोडू नका. निदान लेझरसाठी तरी नको. मुलगा नको म्हणतोय ते बरोबरच आहे. का, ते सविस्तर सांगते. म्हणजे दोन्हीकडच्या डॉक्टरांशी बोलताना तुम्हाला आत्मविश्वासानं बोलता येईल.

आधी घरच्यांचा गैरसमज दूर करू. तो फार जणांचा असतो. ‘लेझर ऑपरेशन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चष्मा घालवायचं लॅसिक येतं. दहा-पंधरा मिनिटांत घरी, टाका नाही, पट्टी नाही. बुबुळरोपणातलं लेझर वेगळं काम करतं. ते फक्त कापायचं काम करतं, शिवायचं नाही. दात्याच्या बुबुळाची चकती लेझरनं कापा नाहीतर पात्यानं, ती रुग्णाच्या डोळ्यात बसवताना केसापेक्षा कितीतरी बारीक नायलॉनच्या दोऱ्यानं टाके घालावेच लागतात. बहुतेक वेळा सोळा सुटे टाके, नाहीतर गोल फिरवलेला एकच लांब टाका, किंवा दोन्ही मिळून. आणि चष्म्याचं म्हणाल, तर बुबुळरोपणानंतर बहुतेकांना चष्मा किंवा लेन्स लागतेच. तुमच्या मुलाला बोटं मोजण्याऐवजी वाचता यावं, गाडी चालवता यावी, हा या ऑपरेशनचा हेतू आहे. चष्मा सुटणं हा नाही.

आता दोन पद्धतींत नेमका काय फरक आहे ते बघू.

नेहमीच्या पद्धतीत ट्रिफाइन वापरतात. गोल धारेचं, नळीच्या तोंडासारखं पातं. १९०५ च्या डिसेंबरात एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी ओलोमौत्स या गावी, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, चुन्यानं डोळे भाजलेल्या एका मजुराचं बुबुळ बदललं. माणसाचं पूर्ण जाडीचं बुबुळ यशस्वीपणे बसवल्याची ती पहिली नोंद. तेव्हाही काप ट्रिफाइननंच घेतला होता, स्प्रिंगवर फिरणाऱ्या. आजचं ट्रिफाइन बरंच सुधारलेलं आहे. ते निर्वात कड्यानं डोळ्याला घट्ट धरतं, मधल्या फुलीनं नेमका मध्य साधता येतो, आणि पातं हातानं थोडं थोडं फिरवत खाली नेता येतं. पूर्ण एक फेरा म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. निरोगी बुबुळ मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं, त्यामुळे शेवटचा पाव फेरा फिरवताना सर्जन श्वास रोखून असतो. पातं आत पोचलं की कापाच्या फटीतून डोळ्यातल्या पाण्याचा एक बारीक थेंब वर येतो. तिथे थांबायचं आणि उरलेला भाग बाकदार कात्रीनं कापून घ्यायचा.

यातली खरी अडचण अशी, की रुग्णाचं बुबुळ पुढच्या बाजूनं कापलं जातं आणि दात्याचं बहुतेक वेळा मागच्या बाजूनं, पालथं ठेवून, पंचनं ठोकून. दोन्ही कडांचा तिरपेपणा अगदी तंतोतंत जुळत नाही. म्हणून दात्याची चकती पाव मिलिमीटरनं मोठी घेतात आणि टाक्यांनी ओढून बसवतात. ओढ सगळीकडून सारखी नसली की बुबुळ एका दिशेनं जास्त वक्र होतं. चष्म्याच्या कागदावर ज्याला ‘सिलिंडर’ नंबर म्हणतात, तो यातून येतो. पूर्ण जाडीच्या रोपणानंतर तीन ते पाचपर्यंत सिलिंडर नंबर येणं अगदी नेहमीचं आहे.

फेम्टोसेकंद लेझर हे काम वेगळ्या तऱ्हेनं करतं. प्रकाशाचा एकेक ठोका इतका क्षणिक असतो की सेकंदाचे एकावर पंधरा शून्यांइतके भाग केले तर त्यातले काही शेकडाच भाग तो टिकतो. असे लाखो ठोके ठरवलेल्या खोलीवर, शेजारी शेजारी मारले जातात. प्रत्येक ठोक्याला एक सूक्ष्म बुडबुडा तयार होतो आणि त्यांची रांग म्हणजेच काप. खोली, व्यास, कडेचा आकार हे सगळं संगणकावर भरता येतं. दात्याचं बुबुळ कृत्रिम खोबणीवर बसवून पुढच्याच बाजूनं, त्याच मापांनी कापता येतं, त्यामुळे दोन्ही कडा एकमेकींना जुळतात. बुबुळरोपणासाठी हे लेझर साधारण २००५ पासून वापरात आलं.

त्याचा मोठा गुण आहे कडेचा आकार. ट्रिफाइनची कड सरळ उभी असते. लेझरनं पायरीची कड घेता येते, नागमोडी घेता येते, पुढे रुंद मागे अरुंद अशी भूछत्रासारखी घेता येते, किंवा उलट, हॅटसारखी. सुतार दाराच्या चौकटीला खाच पाडतो, म्हणजे फळी नुसती टेकत नाही, बसते. तसंच हे. प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा हॅटसारखी कड सरळ कडेपेक्षा कितीतरी पट जास्त दाब सहन करते असं दिसलं. कड रुंद म्हणून जखम जास्त जागेवर चिकटते, आणि म्हणून टाके लवकर काढता येतात. नेहमीच्या पद्धतीत तरुण रुग्णाचे टाके वर्ष-दीड वर्ष ठेवतात. लेझरच्या पायरीदार कापानंतर काही सर्जन त्याच्या बरेच आधी काढायला घेतात. पुण्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला हे खोटं सांगितलेलं नाही.

(पायऱ्यांच्या कडा ही लेझरची कल्पना नव्हे, एवढं मात्र सांगायला हवं. भूछत्रासारखी कड विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या सर्जननी हातानं घेऊन दाखवली होती. पण ती फार कुशल हातांनाच जमायची. लेझरमुळे ती एकसारखी आणि पुनःपुन्हा घेता यायला लागली.)

मग मी पाटल्या मोडू नका असं का म्हणते?

एक तर, दोन्ही पद्धतींच्या रुग्णांची तुलना केलेल्या अभ्यासांचा सूर बराचसा सारखा आहे. पहिले काही महिने लेझरवाल्यांचा सिलिंडर नंबर कमी असतो आणि दृष्टी थोडी लवकर स्थिरावते. सहा महिने, वर्ष उलटलं की दोघांतला फरक विरत जातो. दोन वर्षांनी दोन्ही डोळे शेजारी ठेवले तर कुठला कशानं कापला होता, हे दृष्टीच्या तक्त्यावरून ओळखता येत नाही. चकती टिकणं, शरीरानं ती नाकारणं, काचबिंदू होणं, हे कापाच्या हत्यारावर ठरत नाही. ज्याला सहा महिने लवकर कामावर जायचंय आणि ज्याच्या खिशाला ते परवडतं, त्यानं लेझर जरूर घ्यावं. ज्या आईला त्यासाठी सोनं विकावं लागतंय, तिला हा व्यवहार परवडत नाही.

दुसरं, तुमच्या मुलाच्याच डोळ्याबद्दल. लेझर लावताना डोळ्यावर काचेचा शंकू टेकवतात, आणि बऱ्याच यंत्रांत ती काच बुबुळ दाबून सपाट करते. केराटोकोनसमध्ये बुबुळ आधीच पुढे टोकदार आणि पातळ झालेलं असतं. ते सपाट दाबलं की त्याचा आकार बदलतो, आणि दाबलेल्या अवस्थेत घेतलेला गोल काप सोडल्यावर तितका गोल राहीलच असं नाही. शिवाय डाग दाट असेल तर प्रकाश त्यात विखुरतो आणि तेवढ्या भागात काप अर्धवट राहतो. मग सर्जनला हातानंच तो पुरा करावा लागतो. अशा डोळ्यांत लेझर चालत नाही असं मुळीच नाही. केराटोकोनसच्या कितीतरी डोळ्यांत ते वापरतात. पण ‘अचूक’ हा शब्द ऐकून तुमच्या मनात जे चित्र उभं राहिलं, ते निरोगी बुबुळाचं चित्र आहे.

आणखी एक गोष्ट रुग्णाला सहसा कुणी सांगत नाही. बऱ्याच ठिकाणी लेझरचं यंत्र एका खोलीत आणि ऑपरेशन थिएटर दुसरीकडे असतं. म्हणून लेझरनं काप पूर्ण आरपार घेत नाहीत. तळाशी सत्तरेक मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पूल शिल्लक ठेवतात, रुग्णाला थिएटरमध्ये नेतात आणि तिथे तो पूल हत्यारानं उघडतात. म्हणजे ‘संपूर्ण लेझर’ ऑपरेशनचाही शेवट हातानंच होतो.

आता ज्या प्रश्नावर तुम्ही तुमची सगळी शक्ती लावावी असं मला वाटतं, तो तुमच्या पत्रात नाही. दोन्ही डॉक्टर बुबुळाचे किती थर बदलणार आहेत?

बुबुळ म्हणजे एकसंध काच नव्हे. वर त्वचेसारखा पातळ थर, मध्ये जाड पारदर्शक गर, आणि अगदी मागे डेसमेटचा पडदा व त्यावर पेशींचा एकच थर, एंडोथेलियम. तो बुबुळातलं पाणी सतत बाहेर काढून ते कोरडं आणि काचेसारखं ठेवतो. या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. तरुणपणी चौरस मिलिमीटरला अडीच-तीन हजार, पुढे कमीच होत जातात. केराटोकोनसमध्ये आजार पुढच्या थरांत असतो, मागच्या पेशी बहुधा धडधाकट असतात. म्हणून शक्य असेल तिथे फक्त पुढचे थर बदलून मुलाच्या स्वतःच्या मागच्या पेशी तशाच ठेवतात. या पद्धतीला डाल्क म्हणतात. अन्वर नावाच्या सर्जननी २००२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सुईनं हवा सोडून मोठा बुडबुडा करतात, त्यानं पुढचे थर मागच्या पडद्यापासून सुटे होतात.

डाल्कचा फायदा लेझरच्या फायद्याच्या कितीतरी पट मोठा आहे. शरीर सगळ्यात जास्त ज्याला परकं मानतं आणि ज्याच्या नाकारण्यानं चकती कायमची पांढरी पडते, तो मागचा थर परका नसतोच. आणि ऑपरेशनच्या मधल्या टप्प्यावर डोळा पूर्ण उघडा पडत नाही. पूर्ण जाडीच्या रोपणात जुनं बुबुळ काढल्यापासून नवीन शिवेपर्यंत काही मिनिटं डोळ्याच्या आतलं सगळं उघड्यावर असतं. त्या मिनिटांत रुग्ण खोकला किंवा आत रक्तस्राव झाला तर काय होऊ शकतं, ते मी इथे लिहीत नाही. पण सर्जनला सगळ्यात भीती त्याच मिनिटांची असते. लेझरनं ती मिनिटं वाचत नाहीत. डाल्कनं वाचतात.

इथे तुमच्या मुलाची एक अडचण आहे, आणि ती मोठी आहे. दोन वर्षांपूर्वी डोळ्यात पाणी भरलं, म्हणजे डेसमेटचा पडदा फाटला होता. डॉक्टर त्याला हायड्रॉप्स म्हणतात. ती फाट भरून आली असली तरी त्या जागी व्रण असतो. हवेचा बुडबुडा नेमका तिथेच फुटू शकतो. त्यामुळे हायड्रॉप्स होऊन गेलेल्या डोळ्यात मोठ्या बुडबुड्याची डाल्क बरेच सर्जन टाळतात. काही जण हवेऐवजी हातानं थर सोलत जातात. काही सरळ पूर्ण जाडीचं रोपण करतात. यातलं कुठलंही चूक नाही. व्रण किती खोल आहे ते डोळ्याच्या पुढच्या भागाच्या ओसीटी स्कॅनवर, म्हणजे बुबुळाचे थर उभ्या छेदात दाखवणाऱ्या चित्रावर, दिसतं. तो स्कॅन झाला नसेल तर आधी तो करा आणि दोन्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘हातानं डाल्क जमेल का? नसेल तर या स्कॅनवर कशामुळे नाही, ते दाखवा.’ जो डॉक्टर स्कॅनवर बोट ठेवून समजावून सांगेल, त्याच्याकडे माझा कल राहील. मग तो सोलापूरचा असो की पुण्याचा.

पूर्ण जाडीचं करावं लागलं तरी धास्तावू नका. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात म्हणून ते शरीरातल्या इतर अवयवांपेक्षा सहज रुजतं, आणि केराटोकोनसचे डोळे तर त्यातही सगळ्यात चांगले निकाल देणारे. पाच वर्षांनी दहातल्या नऊ चकत्या तरी स्वच्छ असतात. त्या ऑपरेशनला नेत्रपेढीतून आलेल्या बुबुळाची पेशीमोजणी काय आहे, हे विचारायला संकोचू नका. चौरस मिलिमीटरला दोन हजारांच्या वर असलेली बरी. डाल्कला मागचा थर काढूनच टाकतात, त्यामुळे तिथे एवढी चिंता नसते आणि वयस्क दात्याचं बुबुळही चालतं.

त्याआधी आणखी एक. हायड्रॉप्स बरा झाल्यावर कधीकधी बुबुळ थोडं सपाट होतं आणि आधी न बसणारी कडक लेन्स बसायला लागते. डाग अगदी मध्यावर आणि दाट असेल तर लेन्सनं काही होणार नाही. पण स्क्लेरल लेन्स, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी कडक लेन्स, लावून बघितली आहे का, याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. तासाभराची चाचणी आहे. बोटांवरून दोन-तीन ओळींपर्यंत दृष्टी आली तर ऑपरेशन काही वर्षं पुढे ढकलता येईल, आणि २३ व्या वर्षी प्रत्येक वर्ष मोलाचं आहे. रोपण केलेली चकती आयुष्यभर पुरेलच असं नसतं.

आता सोलापूर की पुणे. ऑपरेशनचा दिवस म्हणजे या प्रकरणाची सुरुवात. पुढे वर्ष-दोन वर्षं स्टेरॉइडचे थेंब, डोळ्याचा दाब तपासणं, टाके एकेक करून सोडवणं. मध्येच एखादा टाका सैल होतो, त्यावर चिकट धागा जमतो, जंतू शिरतात. अशा वेळी डोळा लाल झाला, उजेड सोसेनासा झाला, दुखायला लागला किंवा कालच्यापेक्षा आज धुरकट दिसायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो, सोमवारची वाट बघायची नसते. पुणं अडीचशे किलोमीटर आहे. ज्यांना मुलाच्या डोळ्याचा जुना इतिहास ठाऊक आहे, जे नियमितपणे बुबुळरोपण करतात आणि जे रविवारीही फोन उचलतील, ते डॉक्टर एसटीनं गाठता येतील एवढ्या अंतरावर असणं हे लेझरच्या यंत्रापेक्षा जास्त मोलाचं आहे. ‘नियमितपणे’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. तुमच्या डॉक्टरांना शांतपणे विचारा, महिन्याला किती रोपणं करता, त्यांत डाल्क किती. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही. वर्षातून दोन-चारच करत असतील तर मी पुण्याला जा म्हणेन, पण तिथेही ट्रिफाइननं करायला सांगेन. सरकारी योजनेत काय बसतं, तेही दोन्हीकडच्या समुपदेशकांना विचारून घ्या.

ऑपरेशननंतर मुलानं खेळताना, गाडीवर, शेतात संरक्षक चष्मा वापरायचा. कायमचा. पूर्ण जाडीच्या रोपणाची जखम मूळच्या बुबुळाइतकी कधीच मजबूत होत नाही, लेझरनं कापलेली असली तरीही. आणि डोळे चोळायची सवय असेल तर ती आजपासून बंद. केराटोकोनस वाढण्यामागे तो हात बऱ्याचदा असतो. ॲलर्जीनं खाज येत असेल तर तिचे थेंब वेगळे मिळतात.

शेवटची गोष्ट डाव्या डोळ्याची. तुमच्या सबंध पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. केराटोकोनस बहुतेकदा दोन्ही डोळ्यांत असतो, आणि विशीत तो वाढत असतो. डाव्या डोळ्याचं बुबुळ अजून चारशे मायक्रॉनच्या वर असेल आणि आजार वाढताना दिसत असेल, तर क्रॉसलिंकिंग करून तो बहुतेकांत थांबवता येतो. रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील प्रकाश, टाके नाहीत, रोपण नाही. त्यासाठी खर्च करावा लागला तर जरूर करा. उजव्याची तारीख ठरवायच्या आधी, याच महिन्यात, डाव्या डोळ्याची टोपोग्राफी, म्हणजे बुबुळाच्या वक्रतेचा नकाशा, करून घ्या आणि मागच्या दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा.